एकाला कडक गादी हवी, दुसऱ्याला मऊ. मग डबल बेडसाठी नेमकं काय घ्यायचं?

दुकानात पहिला प्रश्न येतो, “हार्ड दाखवू की सॉफ्ट?” नवरा म्हणतो हार्ड, बायको म्हणते सॉफ्ट. मग विक्रेता ‘मीडियम’ पुढे करतो आणि पुढची आठ-दहा वर्षं दोघंही थोडी थोडी नाराज झोपतात. कधी कधी तेही होत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याच्या पसंतीची गादी घरी येते आणि दुसरं माणूस रोज खांदा चोळत उठतं.

यातून मार्ग आहेत, आणि ते सगळेच महाग नाहीत.

एकच गादी दोघांना वेगळी का वाटते?

पहिलं कारण वजन. 85 किलोचा माणूस ज्या गादीत खोल रुततो, तीच गादी 50 किलोच्या माणसाला लाकडासारखी वाटू शकते. दुकानातलं ‘मीडियम’ हे लेबल दोघांसाठी सारखं असलं, तरी अनुभव सारखा नसतो.

दुसरं कारण झोपायची पद्धत. कुशीवर झोपणाऱ्याचा भार खांदा आणि कमरेच्या हाडावर येतो, म्हणून त्याला थोडा मऊपणा लागतो. पालथं झोपणाऱ्याचं पोट मऊ गादीत खाली जातं आणि कंबर ताणली जाते, त्याला कडक बरी. उताणं झोपणाऱ्याला साधारण मधली चालते.

शिवाय गरज बदलत जाते. गरोदरपणात कुशीवर झोपणं वाढतं, वयानुसार सांधे दुखू लागतात. त्यामुळे “इतकी वर्षं तर हीच गादी चालत होती” हा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

पाठदुखीला कडकच गादी चांगली, हे खरं का?

आपल्याकडे कंबर दुखली की “जमिनीवर झोप” हा सल्ला ठरलेला. पण 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली गेली. 90 दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला.

याचा अर्थ ती सगळ्यांनाच लागू पडेल असा नाही. पण ‘जितकी कडक तितकी पाठीला चांगली’ हा समज मात्र डळमळतो. तसंच गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलं म्हणजे ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र नव्हे. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘कडक’ एवढाच असतो.

पर्याय 1: दोन सिंगल गाद्या

हा सगळ्यात खात्रीचा उपाय. आपल्याकडे किंग साइज साधारण 72 इंच रुंद असतो आणि सिंगल गादी 36 इंचांची मिळते. म्हणजे दोन सिंगल शेजारी ठेवल्या की किंग बेड भरतो. क्वीन 60 इंचांचा असेल तर 30 इंची दोन बसतात. पलंगाची लांबी 72, 75 की 78 इंच, हे मात्र आतून टेपने मोजूनच ऑर्डर द्या.

दोन्ही गाद्यांची जाडी सारखी हवी. मधल्या फटीसाठी फोमची पट्टी मिळते, किंवा दोन्हींवर मिळून एकच मोठं कव्हर चढवता येतं. जर्मनीत डबल बेडवर अशा दोन गाद्या असणं अगदी नेहमीचं आहे. आणखी एक फायदा म्हणजे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हादरा बसत नाही.

पर्याय 2: एकाच बाजूला टॉपर

टॉपर म्हणजे गादीवर टाकायचा 2 ते 4 इंचांचा थर. जुनी गादी चांगली आहे, फक्त एकाला कडक वाटते, तर नवी गादी घ्यायची गरज नाही. त्याच्या बाजूला सिंगल मापाचा टॉपर टाकून बघा. मधे पायरी तयार होत असेल, तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीचा कडक टॉपर घालता येतो.

मेमरी फोम अंगाच्या आकारात दबतो, पण उष्णता धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात जास्त मऊ पडतो. लेटेक्स चटकन परत वर येतो, त्यामुळे कूस बदलणं सोपं जातं. तो महाग आणि जड असतो.

एक लक्षात ठेवा: टॉपर कडक गादी मऊ करतो, पण मधे खड्डा पडलेली गादी सरळ करत नाही. टॉपरही त्याच खड्ड्यात बसतो. तिथे गादीच बदलावी लागते. कापसाची असेल तर पिंजून घ्यावी लागते.

‘ड्युअल’ शब्दाला फसू नका

‘ड्युअल कम्फर्ट’ नावाने मिळणाऱ्या बहुतेक गाद्यांची एक बाजू कडक आणि उलटी केली की दुसरी मऊ असते. डावी कडक, उजवी मऊ असं नसतं. त्यामुळे डबल बेडच्या मापाची एकच अशी गादी घेऊन जोडप्याचा प्रश्न सुटत नाही. पण अशाच दोन सिंगल घेतल्या, तर एक कडक बाजू वर आणि दुसरी मऊ बाजू वर ठेवता येते. पुढे गरज बदलली तर उलटी करायची, बस.

पैसे देण्याआधी

- दुकानात दोघांनी एकत्र, रोजच्या पद्धतीने किमान 10-15 मिनिटं झोपून बघा. हाताने दाबून काही कळत नाही.
- कुशीवर झोपल्यावर मागून फोटो काढायला सांगा. मानेपासून कमरेपर्यंतची रेघ साधारण सरळ दिसली पाहिजे.
- उताणं झोपल्यावर कमरेखालून हात सहज आरपार जात असेल, तर गादी तुमच्यासाठी कडक आहे.
- स्प्रिंगची घ्यायची असेल तर पॉकेट स्प्रिंग बघा. त्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असल्याने हालचाल पलीकडे कमी पोचते.
- ऑनलाइन घेताना ट्रायलच्या अटी वाचा. खास मापाची गादी परत घेतात का, हे आधी विचारा. ‘कडक वाटते’ ही तक्रार सहसा वॉरंटीत बसत नाही.

आणि गादी बदलूनही कंबरदुखी आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल किंवा ताकद कमी वाटत असेल, तर गादीचा प्रयोग करत बसू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.