कोविडोत्तर मज्जाविकार

करोना विषाणूचा संसर्ग ओसरल्यावरही मेंदू, मज्जातंतू आणि नाडी, रक्तदाब, पचन यांसारखे आपोआप चालणारे व्यवहार सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था यांत टिकून राहणाऱ्या तक्रारी. ‘लाँग कोविड’ या व्यापक आजाराचा हा एक भाग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ मधील व्याख्येनुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानात न बसणारी लक्षणे या आजारात मोडतात. ‘लाँग कोविड’ हे नाव मे २०२० मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी स्वतःच्या आजाराविषयी लिहिताना ट्विटरवर वापरले. हा आजार आधी रुग्णांनी ओळखला, वैद्यकाने नंतर, हे कोशातही नोंदले गेले पाहिजे.

वास जाणे ही यातली सर्वांत ओळखीची तक्रार. विषाणू गंधवाहक मज्जापेशींवरच हल्ला करत असावा, असा पहिला अंदाज होता. हार्वर्डमधील संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले, की विषाणूला आत शिरायला लागणारे एसीई-२ हे प्रथिन त्या पेशींत सापडत नाही; ते त्यांना टेकू देणाऱ्या शेजारच्या पेशींत असते. या आधारपेशी नव्याने तयार होतात, म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. ज्यांचा परतला नाही, त्यांच्यातल्या काहींच्या नाकाच्या अस्तरात विषाणूचा मागमूस नसताना टी-पेशींचा दाह रेंगाळलेला दिसला. ड्यूक विद्यापीठाचा हा अभ्यास २०२२ चा.

काहींचा वास परततो, पण विपरीत होऊन. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेले मांस यांना करपट किंवा सडका दर्प येऊ लागतो. कॉफीतला गंधकयुक्त रेणू यात मोठा वाटेकरी असल्याचे रेडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर आणि सहकाऱ्यांना आढळले. कांदा-लसणाच्या फोडणीवर चालणाऱ्या घरात याचा अर्थ असा, की कढई तापली की माणूस गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि शेवटी दहीभातावर दिवस काढतो. वास अजिबातच येत नसेल तर धोका वेगळा: गॅसची गळती कळत नाही, नासलेली भाजी तोंडात गेल्यावरही लक्षात येत नाही.

यावर गंधसराव हा साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी तो करोनाच्या दशकभर आधी, २००९ मध्ये मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे, प्रत्येक वास काही सेकंद, त्याची आठवण मनात जागवत हुंगायचा. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण अपायही नाही.

दुसरी मोठी तक्रार ‘ब्रेन फॉग’, म्हणजे डोक्यात धुके दाटल्यासारखे होणे. स्वयंपाकघरात कशाला आलो ते न आठवणे सगळ्यांच्याच वाट्याला येते. इथे ते दिवसातून दहा वेळा होते. नोटा मोजताना आकडा मध्येच सुटतो. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हरवलेली असते. घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, दवाखान्यात सांगतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. ही तक्रार मनाची समजूत नव्हे, याचे पुरावे मात्र जमले आहेत. इंग्लंडमध्ये १,१२,९६४ जणांनी दिलेल्या ऑनलाइन चाचण्यांत (२०२४) पूर्ण बऱ्या झालेल्यांचे गुण संसर्ग न झालेल्यांपेक्षा बुद्ध्यंकाच्या मापात सुमारे ३ अंकांनी, तर लक्षणे न गेलेल्यांचे सुमारे ६ अंकांनी कमी भरले. ऑक्सफर्डच्या ग्वेनाएल डूओ यांच्या गटाने ७८५ जणांच्या मेंदूच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा ताडून पाहिल्या. संसर्ग झालेल्या ४०१ जणांत, ज्यांतील बहुतेकांचा आजार सौम्य होता, गंधाशी जोडलेल्या भागांतील करडे द्रव्य अधिक घटलेले दिसले. हा फरक सरासरीतला आणि लहान आहे. एकट्यादुकट्याच्या एमआरआयवर तो उमटत नाही. म्हणजे ‘नॉर्मल’ हा शेरा खोटा नसतो, अपुरा असतो.

स्वायत्त मज्जासंस्था बिघडली की नुसते उभे राहिल्याने छाती धडधडते, घेरी येते. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत, रक्तदाब फारसा न घसरता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल आणि हा त्रास काही महिने चालू असेल, तर ‘पॉट्स’ या विकाराचा विचार करतात. डॉक्टरांच्या देखरेखीत घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र एवढ्यावर प्राथमिक तपासणी होते. तरी ती राहून जाते.

कारण एकच नसावे. मिशेल मोन्जे आणि अकिको इवासाकी यांच्या गटांनी २०२२ मध्ये उंदरांवर दाखवले, की संसर्ग श्वसनमार्गापुरता आणि सौम्य असला, मेंदूत विषाणू पोचला नसला, तरी मेंदूतील संरक्षक पेशी खवळतात. डब्लिनमधील संशोधकांना डोक्यात धुके असलेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांमधला पडदा झिरपत असल्याचे आढळले (२०२४).

आपल्याकडे या विकारांशी दोन वेगळ्या आजारांची गल्लत होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जीव घेणारा म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर त्याला पोषक ठरला. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये पसरलेला गुलियन-बारी सिंड्रोमही या नोंदीत येत नाही. त्याचा संबंध कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूशी जोडला गेला.

रामबाण औषध नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, झोपेतील श्वासाचा विकार हे आधी तपासून घ्यावेत. ‘चालायला लागा, आपोआप जोर येईल’ हा सल्ला मात्र काही रुग्णांना महागात पडतो, कारण त्यांना श्रमाचा तडाखा पुष्कळदा एक-दोन दिवसांनी बसतो आणि सोमवारच्या जिन्याचा बुधवारच्या अंथरुणाशी संबंध लागत नाही. म्हणून केलेले काम आणि झालेला त्रास रोज तारखेनिशी वहीत लिहावा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.