सिल्व्हर ब्लेझ: न भुंकलेलं कुत्रं आणि बाहेरचा चोर

आपल्या मंडळात बडोद्याबाहेरचा विषय घेतला की दोन-तीन जण हमखास विचारतात, "ह्यात आपलं काय?" म्हणून ते आधीच सांगून टाकतो. सोपं उत्तर असं, की 1947 साली इंग्लंडात सेंट लेजर नावाची मानाची शर्यत जिंकली त्या घोड्याचं नाव होतं सयाजीराव. श्रीमंत प्रतापसिंहराव गायकवाडांनी तो 1945 मध्ये, वर्षाचं शिंगरू असताना, 28,000 गिनींना विकत घेतला आणि आजोबांचं नाव त्याला दिलं. गिनी म्हणजे 21 शिलिंग; तेव्हाच्या भावाने हिशोब केला तर रुपयांत पावणेचार लाखांच्या वर जातो. वर्षाच्या शिंगराला तोवर तिथे एवढी किंमत कोणी मोजली नव्हती. पुढच्याच वर्षी महाराजांच्याच माय बाबूने टू थाउजंड गिनीज ही शर्यत मारली. तेव्हा इंग्लंडच्या रेसकोर्सशी आपला काही संबंध नाही असं निदान बडोदेकराने म्हणू नये.

खरं उत्तर वेगळं आहे. ते माझ्या आजोबांकडून आलंय, त्याकडे शेवटी येतो.

विषय आहे 1937 चा 'सिल्व्हर ब्लेझ' हा इंग्रजी चित्रपट. कृष्णधवल, सव्वा तासाच्या आतला, फारसा खर्च न केलेला. शेरलॉक होम्स झालाय आर्थर वॉन्टनर. तेव्हा त्याचं वय बासष्टच्या आसपास होतं आणि होम्सची त्याची ही पाचवी आणि शेवटची भूमिका. पुढे बेसिल रॅथबोन आला आणि वॉन्टनरला लोक विसरले, पण मासिकातल्या जुन्या चित्रांमधला होम्स डोळ्यांपुढे ठेवलात तर तो हाच: लांब चेहरा, उंच कपाळ, आणि आरडाओरडा अजिबात नाही. पहिल्यांदा हा सिनेमा मी खरखरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. होम्सपेक्षा घोडे जास्त आवडले, हे कबूल करतो.

चित्रपटाचं काय झालं हे कळायचं तर मूळ कथा आधी नीट बघावी लागते. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी इथे थांबून वाचून यावं. खून कोणी केला हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.)

आर्थर कॉनन डॉयलची ही कथा डिसेंबर 1892 च्या 'स्ट्रँड' मासिकात आली. डार्टमूरच्या ओसाड माळावर कर्नल रॉसची पागा. सिल्व्हर ब्लेझ हा त्यांचा घोडा वेसेक्स कपचा हुकमी उमेदवार. शर्यत काही दिवसांवर आलेली असताना रात्रीतून घोडा नाहीसा होतो आणि त्याचा ट्रेनर जॉन स्ट्रेकर माळावर डोकं फुटून मेलेला सापडतो. पागेत राखणीला असलेल्या पोराला कोणीतरी अफू घातलेली असते. संशय कोणावर? तर लंडनहून आलेल्या फिट्झरॉय सिम्पसन नावाच्या सट्टेबाजावर. संध्याकाळी तो पागेच्या खिडकीशी येऊन पैशाचं आमिष दाखवून गेलेला असतो आणि त्याचा गळपट्टा मेलेल्याच्या मुठीत मिळतो. शिवाय माळावर भटक्यांचा तळ पडलेला; त्यांच्याकडेही बोट जातंच. पोलीस सिम्पसनला आत टाकून मोकळे होतात.

होम्सचं डोकं मात्र ताटातल्या जेवणाकडे जातं. राखणीच्या पोराला त्या रात्री मटणाची करी होती. अफूच्या पुडीची चव लपवायची तर मसालेदार कालवण हवं. साध्या उकडलेल्या मटणात ती लगेच कळली असती. आता, कर्नलच्या पागेत आज करी करा हे लंडनचा बुकी कसं ठरवणार? ते घरचाच माणूस ठरवणार. दुसरी गोष्ट कुत्र्याची. पागेत कुत्रं होतं, कोणीतरी येऊन घोडा काढून नेला, तरी ते भुंकलं नाही आणि माळ्यावरची पोरं जागी झाली नाहीत. म्हणजे येणारा ओळखीचा होता.

ओळखीचा म्हणजे खुद्द स्ट्रेकर. आधी कर्नलचा जॉकी, मग ट्रेनर, वर्षानुवर्षांचा विश्वासू. त्याचं बाहेर दुसरं प्रकरण होतं आणि त्या बाईच्या एकेका झग्याचं बिल 22 गिनी. कर्ज झालं. तेव्हा आपल्याच घोड्यावर उलटा सट्टा लावायचा, आणि डोळ्याच्या ऑपरेशनची बारीक सुरी घेऊन त्याच्या मागच्या पायाची शीर कातडीखालून जरा चिरायची, असा बेत. खूण राहत नाही, घोडा नुसता लंगडतो, सरावात मुरगळला असं लोक म्हणतात. हात बसावा म्हणून त्याने आधी तीन मेंढ्यांवर सराव केला होता. मेंढ्या अचानक लंगडायला लागल्या हे पागेतल्या पोराने पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता. माळावर नेऊन मेणबत्ती पेटवली तसा घोडा बुजला, त्याने लाथ झाडली, आणि नालेचा घाव ट्रेनरच्या कपाळावर बसला. खुनी तो घोडा. कुंपणच शेत खातं ही आपली म्हण जशीच्या तशी ह्या कथेला लावता येते.

रेसच्या कायद्याच्या दृष्टीने कथा अगदी कच्ची आहे. शेजारच्या पागेचा सायलस ब्राउन भटकलेला घोडा लपवून ठेवतो आणि होम्स त्याला सोडून देतो; घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा रंगवून त्याला शर्यतीत पळवलं जातं आणि मालकालाही तो ओळखू येत नाही. खऱ्या रेसकोर्सवर असं झालं असतं तर यातल्या निम्म्या लोकांना तुरुंग दिसला असता, असं तेव्हाच्या जाणकारांनी लिहिलं. डॉयलने आपलं अज्ञान आत्मचरित्रात हसत हसत मान्य केलंय.

पण रंगवलेला घोडा ही काही कल्पनेची भरारी नव्हे. 1844 ची एप्सम डर्बी रनिंग रेन नावाच्या घोड्याने जिंकली. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, आणि हा प्रत्यक्षात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा निघाला. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या सरदाराने स्वतः डिटेक्टिव्हसारखा माग काढला. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा न्यायाधीशांनी सरळ सांगितलं, घोडा आणा, दात बघू. घोडा काही आला नाही! खटला तिथेच कोसळला आणि बक्षीस दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला मिळालं. त्याच्याही आधी, 1812 मध्ये, न्यूमार्केटला घोड्यांच्या पाण्याच्या हौदात सोमल घातल्याबद्दल डॅनियल डॉसनला फाशी झाली होती. डॉयलला रेसचे नियम ठाऊक नसतील, पण पागेत काय काय होतं याची कुणकुण त्या देशात सगळ्यांनाच होती.

आता चित्रपट. दिग्दर्शक थॉमस बेंटली, निर्माते ट्विकनहॅम स्टुडिओचे ज्युलियस हेगन. इंग्लंडातल्या चित्रपटगृहांनी ठरावीक प्रमाणात देशी चित्रपट दाखवलेच पाहिजेत असा कायदा 1927 मध्ये झाला आणि त्यावर हेगनसारख्यांचे कारखाने चालले. त्यांच्याकडे 'स्वस्त आणि लवकर' हाच शिरस्ता. 1937 सालीच हेगन दिवाळखोरीत निघाले, म्हणजे हा त्या स्टुडिओच्या उतरत्या काळातला माल.

मूळ कथेचा सांगाडा त्यांनी ठेवला: डार्टमूर, कर्नल रॉस, स्ट्रेकर, हरवलेला घोडा. आणि त्यावर होम्सच्या कपाटात सापडलं ते सगळं चढवलं. होम्स सुट्टीला जातो तो सर हेन्री बास्करव्हिलकडे. म्हणजे 1901-02 च्या कादंबरीतलं पात्र. सर हेन्रीला मुलगी, मुलीला जुगारी प्रियकर. त्याने दुसऱ्याच घोड्यावर पैसे लावलेले, म्हणून संशय त्याच्यावर. मोरियार्टी तर मूळ कथा छापून आली तेव्हा जन्मलाच नव्हता, तो वर्षभराने, 1893 मध्ये अवतरला. इथे एका बुकीच्या पैशावर घोडा अडवायचं काम तोच घेतो. त्याचा साथीदार कर्नल मोरान आणि त्याची हवेवर चालणारी बंदूक 1903 च्या कथेतून उचललेली. चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रसंग ह्या मोरानचाच आहे. घोडा परत येतो, शर्यतीत उतरतो, जिंकायला येतो आणि ऐन वेळी जॉकी पडतो. बातमीपट घेणाऱ्यांच्या सिनेकॅमेऱ्यातच बंदूक दडवलेली असते.

अमेरिकेत हाच सिनेमा 1941 मध्ये 'मर्डर ॲट द बास्करव्हिल्स' नावाने लावला, कारण रॅथबोनचा बास्करव्हिल 1939 मध्ये गाजला होता. पाटीवरून घोडाच गायब.

मोरियार्टी नुसता गल्ल्यासाठी घुसवला असं मला आधी वाटायचं. पण आता वाटतं, काळाचाही त्यात हात आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या रेसकोर्सवर टोळ्यांचं राज्य होतं. सॅबिनी टोळी बुकींकडून खंडणी घ्यायची, वस्तरे चालायचे. जून 1936 मध्ये लुइसच्या रेसकोर्सवर एका टोळीने बुकीवर हल्ला केला, लोक पकडले गेले, शिक्षा झाल्या. ग्रॅहम ग्रीनची 'ब्रायटन रॉक' 1938 मध्ये आली ती ह्याच वातावरणातून. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला रेसमधला गुन्हेगार म्हणजे बाहेरून येणारा, टोळीवाला, पैसे घेऊन काम करणारा असाच दिसणार. 1892 च्या वाचकाला तो घरातला जुना नोकर दिसला होता.

तरीही माझी तक्रार शिल्लक राहते. मोरियार्टी आला की पागेतल्या सगळ्यांचं ओझं हलकं होतं. स्ट्रेकरचं कर्ज, दुसरं घर, सराव केलेल्या मेंढ्या, हे सगळं एका मोठ्या खलनायकाच्या सावलीत झाकलं जातं. न भुंकणाऱ्या कुत्र्याने जे सांगितलं होतं, ते ऐकायला कोणी उरत नाही.

आता आजोबा. ते गुजरातेतल्या एका संस्थानाच्या पागेत कारकून होते; संस्थानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चंदीचा हिशोब, नालांचा हिशोब, कोणता घोडा कधी दाखवला याची नोंद, हे त्यांचं काम. एकदा दसऱ्याच्या स्वारीच्या आदल्या दिवशी मानाचा घोडा लंगडायला लागला. चार दिवसांपूर्वी बाहेरगावचा एक नालबंद येऊन गेला होता. खिळा वाकडा मारला म्हणून त्याच्यावर ठपका आला, मजुरी बुडाली, गावातून हाकलला गेला. आजोबांच्या वहीत मात्र त्या घोड्याला त्याने हात लावल्याची नोंदच नव्हती. घोडा रात्री कोणी बाहेर काढला होता हे पागेत तिघांना ठाऊक होतं. तिघांपैकी एक आजोबा.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांना नीट दिसत नसे. शाळेच्या ग्रंथालयातून मी होम्सच्या गोष्टींचा मराठी अनुवाद आणला होता आणि ही कथा दोन दुपारी बसून त्यांना वाचून दाखवली. करीशी आले तेव्हा ते हसले. कुत्र्याशी आले तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे, मोतद्दाराला कोण भुंकेल?" मग वरची हकिगत सांगितली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पुस्तक मिटलं तशी त्यांनी विचारलं,

"आणि रे, तो सिम्पसन? त्याला सोडलं का?"

मी पुन्हा पुस्तक उघडून शेवटची पानं चाळली. होम्स आगगाडीत बसून सगळा उलगडा करतो, कर्नल खूष होतात, घोडा जिंकलेला असतो. सिम्पसनला सोडल्याचा प्रसंग मला तिथे सापडला नाही. आजोबांना तसं सांगितलं.

"बघ परत एकदा," ते म्हणाले.