इंजिन चालू, पण पंखा थांबलेला! एटीआर विमानातला ‘हॉटेल मोड’ काय असतो?

ऑक्टोबर 2021 मध्ये सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ सुरू झालं आणि मुंबईहून तिथे अलायन्स एअरची एटीआर 72 विमानं जाऊ लागली. छोटी धावपट्टी आणि मोजके प्रवासी असलेल्या ठिकाणांसाठीच हे पंख्याचं विमान बनलंय. पण अशा विमानतळावर बाहेरून वीज देणारी गाडी नसेल, तर इंजिन सुरू कसं होतं?

मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत एपीयू नावाचं एक छोटं इंजिन असतं. ते वीज देतं, एसी चालवतं आणि मुख्य इंजिन फिरवायला दाबाची हवाही पुरवतं. एटीआरमध्ये एपीयू नाहीच. त्यामुळे वजन आणि देखभालीचा खर्च वाचतो. पण मग सगळा भार बॅटरीवर येतो.

ही मुख्य बॅटरी साधारण 43 ॲम्पिअर-अवरची असते. कारच्या बॅटरीचा आकडाही जवळपास तेवढाच! फरक इतकाच की कारची बॅटरी 12 व्होल्टची असते, ही 24 ची. बॅटरीची वीज स्टार्टर-जनरेटरला मिळते आणि तो इंजिनाचा कॉम्प्रेसर फिरवू लागतो. वेग सुमारे 10 टक्क्यांवर गेला की वैमानिक इंधन सोडतो, ठिणगी पडते आणि ज्वलन सुरू होतं. 45 टक्क्यांच्या आसपास स्टार्टरचं काम संपतं. इंजिनाने आणखी वेग घेतला की तेच यंत्र जनरेटर बनून उलट वीज द्यायला लागतं.

खरी जोखीम या काही सेकंदांत असते. बॅटरी कमजोर असेल तर कॉम्प्रेसर हळू फिरतो, हवा कमी येते, इंधन मात्र जळत राहतं. तापमान झपाट्याने चढतं. याला ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. वेळेत इंधन तोडलं नाही, तर टर्बाइनची पाती खराब होऊ शकतात. म्हणून वैमानिकाची नजर तापमानाच्या आकड्यावर खिळलेली असते.

सेल्फ मारताना गाडीचे दिवे मंद होतात ना? इथेही व्होल्टेज तसंच पडतं. त्या धक्क्यात अत्यावश्यक उपकरणं बंद पडू नयेत, म्हणून एक वेगळी, लहान आपत्कालीन बॅटरी त्यांना सांभाळते.

आता हॉटेल मोड. एटीआरच्या फक्त उजव्या इंजिनाला पंख्याचा ब्रेक असतो. प्रवासी डाव्या बाजूने चढतात, म्हणून उजवं. ब्रेक लावून हे इंजिन चालवलं की पंखा स्थिर राहतो, पण आत दिवे आणि एसी सुरू असतात. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरतील. दुसरा धरून ठेवला तरी पहिला थांबणार नाही. (प्रयोग घरी करू नका.) एटीआरच्या पीडब्ल्यू127 इंजिनातही पंखा फिरवणारी टर्बाइन वेगळ्या शाफ्टवर असते. तिला बाकी इंजिनाशी जोडतो तो फक्त गरम वायूचा झोत.

पण हॉटेल मोडमध्ये सगळी वीज मिळत नाही. काचा आणि पंख्यांवरचा बर्फ वितळवणारी, मुख्य हायड्रॉलिक पंप चालवणारी एसी वीज ज्या जनरेटरकडून येते, तो पंख्याच्या गिअरबॉक्सवर बसवलेला असतो. पंखा थांबला की तोही थांबतो. मग ब्रेकला लागणारा हायड्रॉलिक दाब डीसी विजेवर चालणारा वेगळा पंप देतो.

हा मोड चालू असताना कॉकपिटमध्ये प्रशिक्षित माणूस असावाच लागतो. निघायची वेळ झाली की ब्रेक सोडला जातो आणि मग डावं इंजिन सुरू होतं. त्या वेळी उजव्या इंजिनाचा जनरेटरही बॅटरीच्या मदतीला येतो. मात्र ब्रेक सोडताच इतका वेळ शांत असलेला पंखा फिरू लागतो. त्यामुळे त्याआधी उजवी बाजू पूर्ण मोकळी आहे, याची खात्री जमिनीवरच्या कर्मचाऱ्याकडून करून घेतली जाते.