सुताराची कानस, संत्र्याची साल

गेल्या रविवारी माझा केक कडू झाला आणि खापर मी संत्र्यावर फोडलं. खरा दोष किसणीचा होता. सालीखालचा पांढरा थरही तिने ओरबाडून काढला, कडवटपणा त्याचाच.

१९९४, कॅनडातलं ओटावा. लोरेन ली आर्मेनियन ऑरेंज केक करत होत्या; जुन्या किसणीने त्याही वैतागलेल्या. नवऱ्याची हत्यारांची कंपनी. त्याने घरी आणलेली लाकूड तासायची 'मायक्रोप्लेन' कानस त्यांनी उचलली आणि संत्र्यावर फिरवली. हलका, नाजूक कीस भुरभुर पडला! मग कंपनीच्या कॅटलॉगमध्येही कानशीचं हे नवं काम छापून आलं.

आता मी संत्रं कोमट पाण्यात घासून वरचं मेण काढते, कोरडं पुसते, अख्खंच किसते. रस नंतर. आधी पिळलेलं लिबलिबीत साल धरणार कसं, सांगा?