पिंप्राळ्याची राखण

जळगावात प्लॉट बघायला निघालेला माणूस पाणी, रस्ता आणि शाळा यांची चौकशी करून झाली की एक प्रश्न हमखास विचारतो : ‘एरिया कसा आहे?’ पिंप्राळ्याबाबत हा प्रश्न विशेष ऐकू येतो. जुने गावठाण, आषाढी एकादशीला निघणारा विठ्ठलाचा रथ, रेल्वे गेट, हुडकोची वसाहत आणि बिगरशेती झालेल्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या कॉलन्या हे सारे पिंप्राळा या एकाच नावाखाली येते. त्यामुळे उत्तरही सांगणाऱ्यागणिक बदलते. कोणी ‘एकदम शांत’ म्हणतो, कोणी ‘रात्री जरा जपून’.

अशा ऐकीव मतांपेक्षा आकडा बरा, असे आपल्याला वाटते. मलाही आधी आकड्यांकडेच जावेसे वाटले. पण पिंप्राळ्यासारख्या उपनगराच्या बाबतीत आकडा कुठवर साथ देतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

गुन्ह्यांचे प्रमाण म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशाचा अहवाल काढतो. त्यात वीस लाखांवरच्या महानगरांचे तक्ते स्वतंत्र असतात. २०११च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या पुढे होते. ते या तक्त्यांत बसत नाही. शहराचे गुन्हे जिल्ह्याच्या आकड्यात जातात आणि जिल्हा म्हणजे पंधरा तालुके आणि त्याच जनगणनेप्रमाणे ४२ लाख २९ हजार माणसे. समजा, पन्नास हजार वस्तीच्या एखाद्या उपनगरात एका वर्षी वीस घरफोड्या झाल्या आणि पुढच्या वर्षी तीस. त्या उपनगरापुरता दर चाळीसवरून साठवर गेला. कॉलनीतल्या बायका दुपारीही आतून कडी लावू लागल्या. जिल्ह्याच्या दरात मात्र या दहा घरफोड्यांनी पाव अंकाचीही भर पडत नाही. तक्ता खोटा नसतो, पण तो पिंप्राळ्याबद्दल बोलतच नसतो.

दुसरी अडचण नोंदीची. खिशातून गेलेला मोबाइल ‘चोरीला गेला’ असा लिहिला तर गुन्हा होतो, ‘गहाळ झाला’ असा लिहिला तर होत नाही. एकाच फिर्यादीत अनेक कलमे असली तर राष्ट्रीय तक्त्यात त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढे मोजले जाते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली बजावले. असा निकाल द्यावा लागला, यावरून आधीचा रिवाज काय होता ते कळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि गळ्यातली पोत हिसकावण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम मिळाले. पूर्वी तोच प्रकार कुठे चोरीत, कुठे जबरी चोरीत पडत असे. म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलनाही सरळ राहिली नाही. शिवाय ज्या ठाण्यात तक्रार नीट लिहून घेतली जाते, तिथला आकडा फुगतो आणि ती हद्द बदनाम होते.

मग सुरक्षितता मोजायची कशाने? खानदेशाच्या इतिहासात याचे एक उत्तर सापडते, आणि ते राखणदाराशी जोडलेले आहे.

पेशवाईत गावाची राखण हे गावाचेच काम होते. एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल दिला, त्यात ही रीत वर्णिली आहे. पाटील जबाबदार, त्याच्या हाताखाली जागल्या. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढत जायचे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. तसे जमले नाही तर नुकसानीची भरपाई त्याच्यावर आणि गावावर येई. खानदेशात हे काम बहुतेक ठिकाणी भिल्लांकडे होते आणि त्याबद्दल गावाकडून त्यांना धान्याचे व पैशाचे हक्क मिळत.

हा व्यवहार १८०२ ते १८०४ या काळात मोडला. होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडवला, पाठोपाठ दुष्काळ पडला, गावे ओस पडली. गावच नाही तर हक्क कोण देणार? जे भिल्ल कालपर्यंत शिवेवर पहारा देत होते, ते सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात गेले आणि तिथून त्याच गावांवर धाडी घालू लागले. इंग्रजी कागदांत ते जन्मजात लुटारू म्हणून उमटतात, पण त्याच सरकारचे १८८० सालचे खानदेश गॅझेटियर ते आधी गावाचे राखणदार होते असेही नोंदवते. राखणदाराचा मोबदला बुडाला आणि गुन्हेगारी वाढली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. सैन्य पाठवून आणि तह करून सात वर्षे निघाली, धाडी थांबल्या नाहीत. १८२५ साली धोरण बदलले. माफी, कसायला जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई आणि बुडालेल्या हक्कांची काही सोय असा मार्ग धरला गेला. त्याच वर्षी जेम्स औट्रॅमने जळगावच्या पश्चिमेला धरणगाव इथे भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. खानदेश भिल्ल कोअर ती हीच. फौजेने जे साधले नाही ते पगार, जमीन आणि जबाबदारी यांनी बरेचसे साधले.

मात्र या गोष्टीचा गौरव करून थांबता येत नाही. जागल्याचे काम वंशपरंपरेचे होते. त्यातून सुटका नव्हती, आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच येई. इंग्रजांनी जमीन दिली, तसेच पुढे जंगलाचे कायदे करून रानही काढून घेतले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ साली सरकारविरुद्ध उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत सातपुड्यातले भिल्ल इंग्रज फौजेशी भिडले. १८७१च्या कायद्याने तर कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आजही नव्या कॉलनीत चोरी झाली की आधी जवळच्या पालावर जाऊन विचारपूस होते. कायदा गेला, सवय राहिली.

गावाच्या राखणीचे सरकारीकरणही याच काळात झाले. १८६७च्या कायद्याने पोलीस पाटलाचे काम कागदावर बांधले. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने आणि १९६२ साली मुलकी पाटलाचे पद कायद्याने संपले. हे होणे योग्यच होते. १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील ठेवला, पण वतनदार म्हणून नव्हे, नेमलेला आणि मानधनावरचा. त्याला गावातले भांडण चुलीपर्यंत ठाऊक असे.

पण ही सोय खेड्याची. गाव शहरात गेले की पोलीस पाटील राहत नाही. पिंप्राळ्याचे तसेच झाले. जळगावची नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाली. पिंप्राळा तिच्या हद्दीत आहे आणि पोलिसांच्या दृष्टीने रामानंद नगर ठाण्याच्या हद्दीत. गावाची जुनी राखण संपली. शहराची नवी राखण म्हणजे बीट अंमलदार, रात्रीची गस्त, पथदिवे आणि चौकातले कॅमेरे. ती कॉलन्या वाढतात त्या वेगाने पोचत नाही. प्लॉट विकले जातात तेव्हा रस्त्याची रुंदी नकाशावर दाखवतात, गस्तीचा मार्ग कोणी दाखवत नाही. शेजारी नवे, घरमालक पुण्याला, भाडेकरू अकरा महिन्यांचा. घर बंद आहे हे चोराला शेजाऱ्याच्या आधी कळते.

राखणदार असून भागत नाही, तो सगळ्यांचा असावा लागतो. हा धडा जळगावला ८ मे १९७० रोजी फार महाग पडला. आदल्या दिवशी भिवंडीत उसळलेली दंगल इथे पोचली आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. आदल्या वर्षीच्या चोऱ्या-घरफोड्यांचा तक्ता पाहून त्या रात्रीचा अंदाज कोणालाही आला नसता. ज्याला संकटात ठाण्याकडे धाव घ्यावीशी वाटत नाही, त्याच्यासाठी ते शहर सुरक्षित नाही, मग तक्ता काहीही म्हणो.

म्हणून ‘एरिया कसा आहे?’ याऐवजी मी वेगळे प्रश्न सुचवीन. इथल्या बीट अंमलदाराचे नाव किती जणांना माहीत आहे? गस्त शेवटच्या कॉलनीपर्यंत येते का, की डांबर संपते तिथून परत फिरते? मोबाइल चोरीला गेला तर ठाण्यात ‘चोरी’ असे लिहून घेतात का? हुडकोतल्या बाईची तक्रार बंगल्यातल्या माणसाच्या तक्रारीइतक्याच तत्परतेने घेतली जाते का? महापालिकेने ठाणेनिहाय नव्हे तर प्रभागनिहाय माहिती पोलिसांकडून मागून दरवर्षी लोकांपुढे ठेवली, तर निदान पिंप्राळ्याचा आकडा पिंप्राळ्याला कळेल. जागल्याची गुलामी परत नको. पण चोरीचा माग आपल्या शिवेत आला की उत्तर आपण द्यायचे, ही त्या रीतीतली जबाबदारी मात्र कोणाच्या तरी नावावर लिहिलेली असली पाहिजे. पिंप्राळ्यात आज ती कोणाच्या नावावर आहे, हे प्लॉट घेणाऱ्याने विचारावे, आणि वर्षानुवर्षे तिथे राहणाऱ्यानेही.