वळिवड्याच्या चुली

मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडें नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिचा राजकीय इतिहास आतां बराच उजेडांत आला आहे. परंतु निर्वासितांचा इतिहास जसा तहनाम्यांत असतो, तसाच तो त्यांच्या चुलीपाशींही असतो. आणि आम्हांस येथें त्या चुलीपाशींच घटकाभर बसावयाचें आहे.

हे लोक हौसेनें आलेले नव्हते. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडमधील लक्षावधि माणसें घरांतून उठवून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलुखांत धाडलीं. १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी केल्यावर त्यांपैकीं अनेकांची मुक्तता झाली. १९४२ सालीं सेनापति आंडेर्स यांच्या फौजेबरोबर कित्येक कुटुंबें इराणांत पोहोंचलीं, आणि तेथून कांहीं हिंदुस्थानांत आलीं. नवानगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें मुलांना आसरा दिला. पुढें वळिवड्याची मोठी वसाहत उभी राहिली, आणि सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या निरोगी हवेंत आजारी मुलांची शुश्रूषा झाली. वळिवड्यास वस्ती बहुतेक बायकामुलांचीच. कर्ते पुरुष कोणी लढाईवर गेलेले, कोणी उत्तरेच्या बर्फांत कायमचे राहिलेले.

पोलंडांत पाकशास्त्रावरील ग्रंथांची परंपरा जुनी आहे. स्तानिस्लाव्ह चेर्न्येत्स्की याचें छापील पुस्तक १६८२ चें, म्हणजे संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतलें. आपल्याकडे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ निघालें तें १८७५ सालीं. परंतु शिपाई दाराशीं येऊन थडकले असतां कोणती गृहिणी पाकशास्त्राचें पुस्तक गांठोड्यांत बांधील? वळिवड्यास जें पोलिश अन्न शिजलें, तें ग्रंथाच्या आधारें नव्हे, जिभेच्या आठवणीवर शिजलें. तेथें कुटुंबाला स्वतःची खोली होती, स्वतःची चूल होती. परक्यांच्या रांगेंत भांडें धरून उभें राहिलेल्या आईला स्वतःच्या मुलांसाठीं पुन्हा आधण ठेवतां यावें, ह्याचें मोल शिधापत्रकांत मांडतां येत नाहीं. शिवाय जें मूल तीन वर्षांचें असतां घरांतून निघालें, त्याला पोलंड आठवणार कोठून? त्याला स्वदेशाची ओळख व्हावयाची ती आईच्या हातच्या बिटाच्या सारांतच.

ज्याच्या काळसर पावावर पोलंडची खेडीं पोसलीं, तें ‘राय’ नांवाचें धान्य आपल्याकडे पिकत नाहीं. तथापि पोलिश पाकपुस्तक उघडून सांगली-साताऱ्याकडील गृहिणी वाचूं लागेल, तर तिला परकेपणा फार वेळ वाटणार नाहीं. ‘पिएरोगी’ म्हणजे मैद्याची पारी लाटून, उकडलेला बटाटा आणि कोरड्या चक्क्यासारखें ताजें चीज ह्यांचें सारण भरून, करंजीप्रमाणें कडा दाबून पाण्यांत उकळलेला पदार्थ. ‘झूर’ म्हणजे रायीच्या पिठाची आंबील. आणि नाताळच्या पूर्वसंध्येची ‘कुच्या’ तर आपल्या खपली गव्हाच्या खिरीची सख्खी बहीण शोभेल! ही कुच्या विशेषेंकरून पूर्व पोलंडची. म्हणजे वळिवड्यास आलेल्यांपैकीं बहुतेकांच्या माहेरची.

घरीं करून पाहावयाची असल्यास सडलेली खपली रात्रभर भिजत घालावी व दुसरे दिवशीं मऊ शिजवून निथळावी. खसखस कढत पाण्यांत भिजवून बारीक वाटावी. दोन्ही एकत्र करून गोडीपुरता मध, अक्रोड व बेदाणे घालावे, आणि गार झाल्यावर वाढावी. हात संवयीनें वेलदोड्याकडे आणि गुळाकडे वळेल. तेवढा तो आंवरावा. गूळ पडला कीं कुच्याची आपली खीर झालीच! आंबवण्याच्या पदार्थांत मात्र पुस्तकावर विसंबून चालावयाचें नाहीं. पोलंडच्या थंडींत जें पीठ आंबावयास चारपांच दिवस घेतें, तें आपल्या वैशाखांत त्याच्या कितीतरी आधीं आंबून उतूं जाईल. तेथें नाकानें सांगितलेलें ऐकावें.

त्या संध्याकाळीं पोलिश घरांत पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाहीं. ताटांत मांस नसतें, मेजावरील वस्त्राखालीं थोडें सुकें गवत पसरतात, आणि एक जागा अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं मोकळी ठेवतात. वळिवड्यास ती मोकळी जागा कोणाची होती, हें प्रत्येक घराला ठाऊक होतें. लढाई संपली, परंतु पूर्व पोलंड सोव्हिएट राज्यांत गेला. ज्या गांवची ती कुच्या, तें गांवच परमुलुखांत पडलें. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कोणी पोलंडास परतले; पुष्कळजण इंग्लंडादि देशांत पांगले. जातांना गांठोडें पुन्हा लहानच होतें.

पाकपुस्तकांत प्रमाण असतें, कृति असते. रिकाम्या पाटाचें प्रमाण त्यांत दिलेलें नसतें. म्हणून सांगली-साताऱ्याच्या कोणा घरांत कधीं कुच्या शिजली, तर एक पान अधिक मांडावें. कृति तेव्हांच पुरी होईल.