श्रावणबाळ योजना : वय ६५ झालंय, पण ते सिद्ध कसं करायचं?

राज्यातल्या निराधार ज्येष्ठांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज करणं तसं सोपं आहे. अडचण येते ती कागदांची.

पात्रता काय?

वय ६५ किंवा त्याहून जास्त, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. म्हणजे महिन्याला अख्ख्या कुटुंबाचे १,७५० रुपये. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतून केंद्राचाही वाटा मिळतो. वयाच्या ७९ वर्षांपर्यंत तो २०० रुपये आणि ८० पासून ५०० रुपये असतो. उरलेली रक्कम राज्य सरकार देतं.

वयाचा पुरावा कोणता?

जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांत भक्कम. पण जे कधी शाळेत गेलेच नाहीत आणि ज्यांच्या जन्माची नोंदही झाली नाही, त्यांचं काय? अशांसाठी शिधापत्रिकेवरचं किंवा मतदार यादीतलं वय ग्राह्य धरलं जातं. तेही नसेल, तर ग्रामीण किंवा जिल्हा शासकीय रुग्णालयातून वयाचा वैद्यकीय दाखला घेता येतो.

फक्त आधार चालेल का?

आधार लागतंच, पण ते मुख्यतः ओळखीसाठी. अनेक ज्येष्ठांच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसते, कारण नोंदणीच्या वेळी फक्त अंदाजे वर्ष सांगितलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानंही ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात आधार हा जन्मतारखेचा पुरावा नसल्याचं सांगत शाळेच्या दाखल्यावरचं वय ग्राह्य धरलं. म्हणून अर्जाआधी आधार, शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्र शेजारी ठेवून नाव आणि वय जुळतंय का ते पाहा. फरक असेल तर दुरुस्ती आधीच करून घ्या.

बाकीचे कागद कुठे मिळतात?

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, तर त्या यादीचा साक्षांकित उताराही चालतो. रहिवासी दाखला तलाठी, ग्रामसेवक किंवा तहसील कार्यालयातून मिळतो. अर्ज तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा. पोच घ्यायला विसरू नका. पुढे पाठपुरावा करायचा झाला, तर तीच कामी येते.

मंजुरीनंतर काय?

पैसे थेट बँक खात्यात येतात. त्यामुळे खातं आधारशी जोडलेलं हवं. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला, तर हयात माणसाचंही अनुदान थांबू शकतं. घरात किंवा शेजारी कुणी एकटे आजी-आजोबा असतील, तर एवढी आठवण नक्की करून द्या.